आम्ल पाण्यात की पाणी आम्लात?

प्रयोगवहीत एखादे वाक्य असे असते : 'संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करून घ्या.' वाक्यात चूक काहीच नाही. भाषा शुद्ध आहे, संज्ञा बरोबर आहेत. तरीही ज्याने आम्ल कधी हाताळलेले नाही अशा विद्यार्थ्याच्या हाती हे वाक्य देणे धोक्याचे आहे. तो कदाचित आम्लाच्या चंचुपात्रात पाणी ओतेल. मिसळताना एवढी उष्णता बाहेर पडते की वरचे थोडेसे पाणी तिथल्या तिथे उकळते आणि आम्लासकट अंगावर उडते. म्हणून अनुभवी शिक्षक त्या वाक्यात भर घालतात : 'आम्ल पाण्यात घाला, पाणी आम्लात नव्हे. थोडे थोडे घाला, ढवळत राहा.' आणि कारणही सांगतात.

पहिले वाक्य खरे आहे, दुसरे उपयोगी आहे. या दोहोंतला फरक आपल्याला फळ्यासमोर उभे राहून कळलेला असतो. आज हाच फरक संगणकाच्या जगात मोठा प्रश्न होऊन बसला आहे, आणि तिथले लेखन तपासताना शिक्षकाची लाल पेन्सिल उपयोगी पडेल असे मला वाटते. या लेखात तसा प्रयत्न केला आहे.

नवा वाचक कोण?

युनिक्स आणि तिच्या वंशातल्या संगणक-प्रणालींवर 'शेल' नावाचा एक कार्यक्रम असतो. आपण एक ओळ टंकित करायची, शेलने ती वाचून आज्ञा पार पाडायची, असा हा व्यवहार. ग्रेप ही आज्ञा फाइलीत शब्द शोधते, आरएम फाइल पुसते, सीडी एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेते. पन्नास वर्षे या ओळी माणसांनीच टंकित केल्या. अलीकडे त्या लिहिण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे 'एजंट'ही करू लागले आहेत.

एजंट म्हणजे काय? त्याच्या गाभ्याशी एक भाषा-प्रारूप असते. त्याला लँग्वेज मॉडेल म्हणतात. ते फक्त मजकूर वाचते आणि मजकूर लिहिते. त्याला हात नसतात. त्याने लिहिलेली आज्ञा भोवतालचा एक कार्यक्रम शेलकडे नेऊन देतो आणि जे उत्तर येईल ते मजकुराच्या रूपातच परत आणून देतो. ते वाचून प्रारूप पुढची आज्ञा ठरवते. आपल्याजवळ कोणते साधन आहे हे प्रारूपाला कळते ते एका छोट्या मजकुरावरून. त्यात साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याची यादी असते. हे वर्णन म्हणजेच आपली प्रयोगवही. फरक एवढाच की या विद्यार्थ्याला शेजारच्या बाकावर डोकावता येत नाही आणि शिक्षकांचा चेहराही दिसत नाही. जे लिहिले आहे तेवढेच त्याच्या समोर असते.

जुन्या नियमपुस्तिकेचे गुण

साधनांची वर्णने लिहिण्याची परंपरा नवी नाही. युनिक्सची पहिली नियमपुस्तिका केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या नावाने ३ नोव्हेंबर १९७१ रोजी बेल प्रयोगशाळेत तयार झाली. तिच्यात प्रत्येक आज्ञेचे वर्णन ठरावीक मथळ्यांखाली येते : नाव, वापराचा साचा, वर्णन, संबंधित फाइली, हेही पाहा, निदान. आणि आणखी एक मथळा असतो 'दोष'.

हा मथळा मला फार मोलाचा वाटतो. स्वतः तयार केलेल्या वस्तूच्या पुस्तिकेत तिचे दोष नोंदवायचे, तेही परिशिष्टात लपवून नव्हे तर प्रत्येक नोंदीच्या साच्यातच जागा राखून, हा वैज्ञानिक प्रामाणिकपणाचा धडा आहे. तराजूच्या डब्यावर 'एवढ्या वजनाखाली भरवसा नाही' असे लिहून ठेवण्यासारखेच ते आहे.

पण या पुस्तिकेची मर्यादाही दिसते. ती शेजारच्या खोलीत बसलेल्या सहकाऱ्यासाठी लिहिलेली होती. आज्ञा काय करते हे ती नेमके सांगते. कधी वापरावी आणि कधी वापरू नये हे मात्र बहुधा वाचकाने स्वतः ताडायचे. त्या वाचकाला ते जमत असे, आणि न जमल्यास दार ठोठावून विचारता येत असे.

एका ओळीचे वर्णन

आता आजचा नमुना पाहू. एजंटला शेल देताना पुष्कळदा या धर्तीचे वर्णन लिहिले जाते :

'शेलची आज्ञा चालवते आणि उत्तर परत देते.'

ही आपली 'आम्ल विरल करून घ्या'ची जातकुळी. खरे आहे, पण उपयोग नाही. कारण या वाचकाला शेल म्हणजे काय हे ठाऊकच असते. त्याच्या प्रशिक्षणात नियमपुस्तिकांचा मजकूर भरपूर येऊन गेलेला असतो. ग्रेपचे पर्याय तो आपल्यापेक्षा लवकर सांगेल. त्याला ठाऊक नसते ते *इथले*. बदलून आलेल्या नव्या विज्ञानशिक्षकांना प्रयोगशाळा म्हणजे काय हे आपण समजावत बसत नाही. त्यांना सांगावे लागते ते हे की तिसरा नळ गळतो, किल्ली शिपाईमामांकडे असते आणि दुपारी दोननंतर वीज जाते. एका ओळीच्या वर्णनात नेमकी हीच माहिती नसते. तिच्या अभावी काय होते याची चार उदाहरणे घेऊ.

*पहिले : मी कुठे उभा आहे?* एजंटने पहिल्या आज्ञेत सीडी लिहून 'निकाल' फोल्डरमध्ये प्रवेश केला आणि दुसऱ्या आज्ञेत तिथली फाइल मागितली. फाइल सापडली नाही. कारण साधन प्रत्येक आज्ञेसाठी नवा शेल सुरू करत होते. पहिला शेल संपला तशी त्याची जागाही विसरली गेली. गंमत अशी की हा घोटाळा युनिक्सइतकाच जुना आहे. डेनिस रिची यांनी युनिक्सच्या उत्क्रांतीवर १९७९ साली वाचलेल्या निबंधात तो सांगितला आहे. प्रत्येक आज्ञेसाठी वेगळी प्रक्रिया निर्माण करण्याची सोय केल्यावर फोल्डर बदलण्याची आज्ञा अचानक चालेनाशी झाली. ती आज्ञा आपले काम चोख करत होती, पण फोल्डर बदलत होते ते त्या नव्या प्रक्रियेचे. आणि ती लगेच संपत होती. उपाय म्हणून ही आज्ञा शेलच्या पोटातच घालावी लागली. आज काही साधने शेल जिवंत ठेवतात, काही ठेवत नाहीत. दोन्ही पद्धती चालतील; पण कोणती आहे हे वर्णनात असलेच पाहिजे.

*दुसरे : अपयश कशाला म्हणायचे?* युनिक्सची प्रत्येक आज्ञा संपताना मागे एक अंक ठेवते. ० म्हणजे ठीक. म्हणून एका प्रयोगात मी वर्णनात लिहिले : '० सोडून दुसरा अंक आल्यास आज्ञा फसली असे समजावे.' मग एजंटला प्रश्नपेढीच्या फाइलीत 'परावर्तन' हा शब्द शोधायला सांगितले. शब्द तिथे नव्हता. ग्रेपने १ हा अंक दिला. एजंटने फाइल वाचताच येत नाही असा निष्कर्ष काढला आणि ती उघडण्याच्या नाना खटपटी सुरू केल्या. चूक त्याची नव्हती, माझी होती. ग्रेपच्या भाषेत ० म्हणजे सापडले, १ म्हणजे सापडले नाही आणि २ म्हणजे खरोखर बिघाड. दोन फाइलींची तुलना करणारी डिफ ही आज्ञाही फाइली वेगळ्या असल्या की १ देते. 'नाही' हे उत्तर आणि 'उत्तर मिळाले नाही' ही अवस्था यांतला भेद आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो. माझ्या एका वाक्याने तो पुसून टाकला होता.

*तिसरे : मौनाचा अर्थ काय?* युनिक्सच्या अनेक आज्ञा काम फत्ते झाले की काहीच बोलत नाहीत. अनुभवी माणसाला ते आवडते. पण ज्याला फक्त मजकूरच दिसतो, त्याला कोरे उत्तर म्हणजे कोडे. काम झाले, की साधन बंद पडले? प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये 'एसडब्ल्यूई-एजंट' ही प्रणाली मांडली. तिच्यात आज्ञेचे उत्तर कोरे असेल तर 'आज्ञा यशस्वी झाली, उत्तर काही नाही' अशा अर्थाचे वाक्य मुद्दाम परत दिले जाते. उपाय साधा आहे, आणि म्हणूनच चांगला आहे.

मौनाचा दुसरा प्रकार म्हणजे अर्धवट उत्तर. फार लांब उत्तर बहुतेक साधने मधेच कापतात. किती लांबीवर कापतात, हे सांगायला हवे. आणि इथे मराठी वाचकाला एक जास्तीचा प्रश्न पडायला हवा. 'शाळा' या शब्दात किती अक्षरे? आपण म्हणू दोन. युनिकोडच्या हिशेबात श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे. आणि यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे बारा बाइट. डब्ल्यूसी या मोजणाऱ्या आज्ञेला -एम हा पर्याय दिला तर ती चार सांगेल, -सी दिला तर बारा. ओळ संपल्याची खूण धरली तर आणखी एक. यातला सी 'कॅरेक्टर' या शब्दाची आठवण देतो, पण मोजतो बाइट. तेव्हा 'उत्तर ३०,००० पर्यंत दिले जाईल' असे एकक न सांगता लिहिले, आणि आत मर्यादा बाइटची असली, तर मराठी मजकुराचा जवळपास तिसरा हिस्साच हाती येईल. कात्री एखाद्या चिन्हाच्या मध्यावर चालली तर शेवटी भलतीच खूण उमटेल. एकक न लिहिलेल्या उत्तराला आपण गुण कापतो. इथेही कापले पाहिजेत.

*चौथे : वाट पाहणारी आज्ञा.* काही आज्ञा मधेच थांबून माणसाच्या बोटांची वाट पाहतात. लांब मजकूर पानापानाने दाखवणारी लेस ही आज्ञा कळ दाबण्याची वाट पाहते. गिटला नोंदीचा मजकूर सोबत दिला नाही तर तो लिहिण्यासाठी संपादक उघडतो. एजंटच्या शेलपुढे अनेकदा कळफलकच नसतो. मग वेळेची मर्यादा संपेपर्यंत सगळे ठप्प. ही मर्यादा किती, आणि ती संपल्यावर अर्धे झालेले काम तसेच राहते की नाही, हे वर्णनात असायला हवे.

ओरडून सांगणे

या त्रुटी अनुभवाला आल्या की लेखक दुसऱ्या टोकाला जातात. मग वर्णन दोन पाने लांब होते आणि 'कदापि नाही', 'सक्त मनाई', 'अत्यंत महत्त्वाचे' या शब्दांची रास पडते. प्रत्येक अपघातानंतर एक मनाई, अशी ती वाढत जाते. आपल्या शाळेच्या सूचनाफलकांचेही असेच होते. पंचवीस सूचना एकाच मोठ्या टाइपात लावल्या की कोणतीच वाचली जात नाही. शिवाय इथे प्रत्येक ओळीची किंमत आहे, कारण प्रारूपाला एका वेळी वाचता येणारा मजकूर मर्यादित असतो आणि वर्णन त्यात कायम जागा अडवून बसते.

मनाईपेक्षा कारण अधिक दूर पोचते. 'आरएम वापरताना काळजी घ्या' या सूचनेत काहीच नाही. त्याऐवजी असे लिहून पाहा : 'आरएमने पुसलेली फाइल परत मिळत नाही, इथे कचरापेटी नाही. आरएम *.टीएमपी लिहिताना ताऱ्यानंतर चुकून मोकळी जागा पडली तर नुसत्या ताऱ्याचा अर्थ या फोल्डरमधल्या सर्व फाइली असा होतो.' हे वाचणारा केवळ आरएम नव्हे, तर ताऱ्याची खूण असलेली दुसरी आज्ञाही जपून लिहील. उष्णतेचे कारण कळलेला विद्यार्थी सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या पाण्यात टाकतानाही सावध असतो, तसेच हे.

शब्दांची मर्यादा

पण इथे शब्दांवरही भिस्त ठेवून भागत नाही. चांगले वर्णन हे कुलूप नव्हे. अँथ्रॉपिक या कंपनीच्या अभियंत्यांनी डिसेंबर २०२४ मधल्या एका लेखात आपला अनुभव दिला आहे. त्यांचा एजंट मूळ फोल्डर सोडून दुसरीकडे गेला की फाइलींचे सापेक्ष पत्ते चुकवत असे. त्यांनी साधनच बदलले आणि मुळापासूनचा पूर्ण पत्ता देणे सक्तीचे केले. मग चुका थांबल्या. एकूण सूचनांपेक्षा साधनांच्या घडणीवरच आपला अधिक वेळ गेला, असेही ते नोंदवतात. ज्या चुकीला वाव राहत नाही तिच्याविषयी ताकीद लिहावी लागत नाही. वर्णन फार गुंतागुंतीचे होऊ लागले तर दोष लेखणीत नसून साधनात आहे, असे मी धरून चालतो.

साधने जोडण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या खुल्या संकेतात मार्च २०२५ च्या आवृत्तीने काही खुणा आणल्या : साधन केवळ वाचते का, ते काही नष्ट करू शकते का, वगैरे. काहीच नोंदवले नसेल तर ते नष्ट करू शकते असेच गृहीत धरायचे, हा त्यातला नियम शहाणपणाचा आहे. लेबल नसलेली बाटली आपण पाण्याची समजत नाही. पण तोच संकेत हेही बजावतो की या खुणा म्हणजे केवळ सूचना, अनोळखी स्रोताकडून आल्या तर त्यांच्यावर विसंबू नये. बाटलीवर खोटे लेबलही लावता येते. म्हणून जे खरोखर घडता कामा नये ते परवानग्यांनी आणि बंदिस्त जागेने अडवावे, आणि माणसाची संमती घ्यावी. वर्णनाचे काम त्याच्या अलीकडचे आहे : सद्हेतूने काम करणाऱ्याची दिशाभूल होऊ न देणे.

दुरुस्त प्रत

टीका करणाऱ्याने स्वतः लिहून दाखवावे, हा न्याय मान्य करून माझी दुरुस्त प्रत देतो. चांगल्या परीक्षकाला हिच्यातही त्रुटी सापडतील.

'प्रश्नपेढीच्या फाइलींवर शेलची एक आज्ञा चालवते. प्रत्येक आज्ञा नव्या शेलमध्ये सुरू होते. आधीच्या सीडीचा परिणाम उरत नाही, म्हणून फाइलींचे पूर्ण पत्ते द्यावेत. नावांत मोकळ्या जागा आहेत, ती अवतरणचिन्हांत लिहावीत. उत्तरासोबत समाप्तीचा अंक मिळेल. ग्रेप आणि डिफ यांचा १ म्हणजे बिघाड नव्हे. उत्तर कोरे असल्यास तसे सांगितले जाईल. ३०,००० बाइटनंतर उत्तर कापले जाते व तशी नोंद येते. मराठी मजकुरासाठी थोड्या थोड्या ओळी मागवाव्यात. कळफलक नाही, उत्तराची वाट पाहणारी आज्ञा ६० सेकंदांनी थांबवली जाते आणि तोवर झालेले बदल तसेच राहतात. पुसलेली फाइल परत मिळत नाही. पुसण्यापूर्वी यादी दाखवून शिक्षकांना विचारावे. इंटरनेट नाही. ज्ञात दोष : फोल्डरचे नाव मराठीत असल्यास कधी कधी यादीचा क्रम अनपेक्षित येतो.'

पहिल्या ओळीपेक्षा हे दहापटीहून अधिक लांब आहे, पण शेल म्हणजे काय हे त्यात कुठेच नाही. जे आहे ते सगळे इथले आहे, आणि बरेचसे बिघाडाविषयी आहे. शेवटी 'दोष' हा १९७१ चा मथळाही परत आणला आहे.

शिक्षकमित्रांनो, यासाठी वर्गात संगणक असलाच पाहिजे असे नाही. विद्यार्थ्यांना सांगा : उद्या प्रयोगशाळेत एक हुशार पण संपूर्ण अनोळखी पाहुणा येणार आहे. त्याने रसायनशास्त्र वाचले आहे, आपली प्रयोगशाळा मात्र पाहिलेली नाही, आणि त्याला कोणाला काही विचारता येणार नाही. त्याच्यासाठी दहा ओळींची चिठ्ठी लिहा. मग चिठ्ठ्या आपसांत बदलून प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारा : हे त्याला आधीच ठाऊक होते का? आणि हे वाचूनही तो कुठे फसू शकेल? पहिल्याचे उत्तर 'हो' आले ती ओळ खोडायची. दुसऱ्याचे उत्तर सापडले तर तिथे एक ओळ वाढवायची, कारणासकट.

उरलेल्या चिठ्ठीत गळणारा नळ असेल, किल्ली कोणाकडे ते असेल, आणि आम्ल कशात घालायचे तेही असेल.